साचा म्हणजे जुनं काम नव्हे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत फलकांवरच्या अशुद्ध मराठीची छायाचित्रं तुम्ही छापलीत. ‘श्रध्दांजली’, ‘हार्दीक शुभेच्छा’, ‘शुभेच्छूक’, ‘दशक्रीया विधी’. असे फलक दिसले तर फोटो पाठवा, असं वाचकांना आवाहनही होतं. मी कराडात 17 वर्षं फ्लेक्सचं डिझाइन करते. एखादा फोटो माझ्याच हातच्या कामाचा निघेल या धास्तीनं मी ते पान दोनदा पाहिलं. माझा नव्हता. पण त्यातल्या दोन फलकांचे साचे, म्हणजे नाव-फोटो बदलून वापरायच्या तयार फाइली, मी ओळखले, कारण तेच साचे माझ्याही संगणकात आहेत. आणि म्हणून हे पत्र लिहिते आहे. तुम्ही फोटो काढलात फलकाचा. चूक मात्र त्याच्या मागच्या साच्यात बसलेली आहे, आणि तो साचा सुधारल्याशिवाय तुम्ही कितीही फोटो छापले तरी उद्या सकाळी तीच चूक दुसऱ्या चौकात लागलेली असेल.

आमच्या भागात फ्लेक्सला ‘डिजिटल’ म्हणतात. रात्री साडेनऊला फोन येतो, ‘ताई, आमचे अण्णा गेले. सहा बाय चारचं डिजिटल पाहिजे, सकाळी सातच्या आत चौकात लागायला हवं.’ फोटो मोबाइलवर येतो, मजकूर फोनवर सांगितला जातो, सांगणाऱ्याचा आवाज भरून आलेला असतो. रात्री अकरापर्यंत फाइल मशिनवाल्याकडे जायला हवी, कारण छापून झाल्यावर लाकडी पट्ट्यांच्या चौकटीवर ते ताणून ठोकायचं असतं. 24 चौरस फूट, 12 रुपयांनी 288 रुपये. डिझाइनचे पैसे वेगळे कुणी देत नाही. या दीड तासात कोणीही डिझायनर कोऱ्या पानावरून सुरुवात करत नाही. साचा उघडायचा, नाव बदलायचं, फोटो बदलायचा, तारीख बदलायची, पाठवायचं. महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी असंच चालतं.

हे साचे येतात कुठून? कुणी पेनड्राइव्हमधून देतं, कुणी टेलिग्रामच्या ग्रुपवर टाकतं, कुणी दोन-पाचशे रुपयांना हजारभर फाइलींचा गठ्ठा विकतं. त्यातले कितीतरी मूळचे हिंदी असतात. ‘श्रद्धांजलि’तली शेवटची वेलांटी कुणीतरी खोडून दीर्घ केलेली असते, बाकी सगळी अक्षरं हिंदी वळणाची तशीच. जे मराठीत केलेले असतात ते जुन्या फॉन्टमध्ये. या फॉन्टचा खेळ तुमच्या वाचकांना माहीत नसेल म्हणून सांगते. युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठी अक्षर मराठीच राहील अशी पद्धत, येण्याआधीचे हे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवून केलेले आहेत. तो फॉन्ट ज्या संगणकावर आहे तिथं मराठी दिसतं, दुसरीकडे उघडलं की नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा ढीग. मशिनवाल्याकडे तोच फॉन्ट असेल याची खात्री नसते. मग डिझायनर फाइल पाठवण्याआधी कंट्रोल-क्यू दाबून अक्षरांचे कर्व्ह करतो. त्या क्षणी ती अक्षरं राहत नाहीत, चित्र होतात. तुम्हाला ‘श्रध्दांजली’ दिसतं, संगणकाला नुसत्या वेड्यावाकड्या रेषा. त्यात ‘ध’ आणि ‘द’ यांची अदलाबदल करता येत नाही. पुसून नव्यानंच लिहावं लागतं, आणि त्या सोनेरी, सावली दिलेल्या अक्षरांसारखं दुसरं रात्री दहा वाजता कोण रेखाटत बसणार?

ही ‘ध्द’ची चूकही अडाणीपणाची नाही. ‘द्ध’मध्ये द आधी, ध नंतर. जुन्या फॉन्टमध्ये या जोडाक्षराची कळ वेगळी असते आणि ती पाठ असावी लागते. ती सापडली नाही की अर्धा ध दाबून पुढे द टाकायचा. डोळ्याला जवळपास तसंच दिसतं. कुणीतरी, कधीतरी, घाईत हे केलं. मग ती फाइल साचा झाली आणि गावोगाव गेली. एका माणसाची एका रात्रीची चूक आज किती जणांच्या फोटोखाली उभी आहे याचा हिशेब कोण करणार?

माझे वडील पेंटर होते. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. कराडातल्या दुकानांच्या पाट्या, सोसायट्यांचे नामफलक, ट्रकच्या मागची अक्षरं त्यांनी रंगवली. पाटी रंगवायच्या आधी ते खडू लावलेला दोरा दोन टोकांना ताणून मधे धरून फटकारायचे. पत्र्यावर पांढरी रेघ उमटायची, ती शिरोरेषा. मग मजकुरातली अक्षरं मोजायची, वितीनं जागा वाटून घ्यायची, वर मात्रा-रफारासाठी आणि खाली उकारासाठी पट्टा सोडायचा. अक्षर शेवटी. ‘आधी जागा, मग अक्षर,’ असं ते म्हणायचे. ‘दत्त’ लिहायचं असो की ‘लक्ष्मीनारायण’, दोन्हीला पाटी तीच, पण जागेचा हिशेब वेगळा. साचा कसा असावा याचं शिक्षण मला कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या क्लासमध्ये मिळालं नाही, त्या दोऱ्यापाशी मिळालं. फ्लेक्स आल्यावर त्यांचं काम बसलं. तेव्हा त्यांनीच मला संगणकाच्या क्लासला घातलं.

आता जे सांगणार आहे ते लिहायला मला जड जातं, पण त्याशिवाय माझं म्हणणं पोहोचणार नाही.

सहा वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एका वयस्कर गृहस्थांचा श्रद्धांजलीचा फलक माझ्याकडे आला. नेहमीसारखी मी आदल्या महिन्यातली एक फाइल उघडली. नाव बदललं, फोटो बदलला, मृत्यूची तारीख बदलली, ‘शोकाकुल’ खालची नावं बदलली. सगळ्यात खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती, ‘रक्षाविसर्जन : बुधवार, सकाळी 9 वा.’ ती तशीच राहिली. हे रक्षाविसर्जन मंगळवारी होतं. फलक सकाळी चौकात लागला, कुणीतरी त्याचा फोटो काढला आणि तो मोबाइलवरून नातेवाइकांत फिरला. गेलेल्या गृहस्थांची धाकटी बहीण लांबच्या गावी राहायची. तिच्या मुलानं फोटोवरची तारीख वाचली आणि तो आईला घेऊन बुधवारी सकाळी आला. नदीकाठी कुणीच नव्हतं. दुपारी ते माझ्या दुकानात आले. भांडले नाहीत. त्या मावशींनी फक्त विचारलं, ‘बाई, ही तारीख कुणाची होती?’ मी फाइल उघडून दाखवली. आदल्या महिन्यात गेलेल्या दुसऱ्याच एका माणसाची.

त्या दिवशी मला कळलं, की ज्याला मी साचा म्हणत होते तो साचा नव्हताच. ते जुनं काम होतं. कोणाच्या तरी दुःखावर दुसऱ्याचं नाव चिकटवत मी चालले होते. खरा साचा रिकामा असतो. त्यात कुणाचंही नाव नसतं, कुणाचीही तारीख नसते. जिथं काही भरायचं आहे तिथं ‘येथे नाव’, ‘येथे वार व वेळ’ असं लिहिलेलं असतं. मी तेव्हापासून ती सगळी भरायची अक्षरं भडक लाल ठेवते. भरली की काळी करायची. फलकावर एक जरी लाल अक्षर शिल्लक असेल तर फाइल मशिनवर जात नाही. मशिनवरच्या पोरालाही सांगून ठेवलं आहे, की लाल दिसलं तर छापायचं नाही, मला झोपेतून उठवायचं. जी अक्षरं कधीच बदलत नाहीत, म्हणजे ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, ‘शोकाकुल’, ‘रक्षाविसर्जन’, ती एकदा जाणकाराकडून तपासून घेतली आणि त्यांचा थर (लेयर) कुलूपबंद करून टाकला. त्याला हात लागतच नाही. सहा वर्षांत तशी चूक परत झाली नाही.

असे साचे करायला बसलं की मराठीची खरी ओळख होते. इंग्रजीसाठी केलेल्या साच्यात नावाची चौकट एका उंचीची असते. त्यात ‘कीर्ती’ टाका. दोन वेलांट्या आणि वर रफार. चौकट घट्ट असेल तर रफार कापला जातो. ‘कृष्णा’चा ऋकार खालच्या ओळीत घुसतो. मी नावाच्या ओळीला वर-खाली अक्षराच्या निम्म्याइतकी जागा सोडते, आणि प्रत्येक साचा तीन नावांवर तपासते, एक दोन अक्षरी, एक मध्यम, आणि एक ‘गं. भा. लक्ष्मीबाई’सारखं लांब, ज्याच्यापुढे अजून नवऱ्याचं नाव आणि आडनाव यायचं आहे. लांब नाव चौकटीत बसवायला पुष्कळ जण अक्षरं आडवी दाबतात. तसं केलं की उभे दंड बारीक होतात आणि ‘घ’ नि ‘ध’ लांबून सारखेच दिसायला लागतात. त्यापेक्षा नाव दोन ओळींत घ्यावं. साच्यात तशी सोय आधीपासून पाहिजे.

एक अक्षर तर आमच्या जिवावरच उठलेलं आहे, ते म्हणजे ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’मधला अर्धा र. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतला की कितीदा ‘बोऱ्हाडे’चं ‘बोर्हाडे’ होऊन बाहेर येतं आणि ‘साताऱ्याचे’चं ‘सातार्याचे’. ज्याचं आडनाव आहे त्याला ते लगेच दिसतं, बाकी कुणाच्या लक्षातही येत नाही. मेलेल्या माणसाचं आडनाव त्याच्या शेवटच्या फलकावर चुकणं ही लहान गोष्ट आहे असं मला वाटत नाही.

फोटोविषयी लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. पुरुषांचे फोटो मिळतात. सोसायटीच्या कार्यक्रमातला, फेटा बांधलेला, कसला तरी सत्कार घेतानाचा. म्हाताऱ्या बायकांचे मिळत नाहीत. सत्तर-पंचाहत्तर वर्षं जगलेल्या बाईचा एक फोटो शोधायला घर पालथं घालतात आणि शेवटी आधार कार्ड पुढे करतात. नाहीतर नातवाच्या लग्नातला घोळक्याचा फोटो, त्यात त्या कोपऱ्यात, निम्मा खांदा कुणाच्या तरी मागे. तो खांदा मी दुसऱ्या बाजूनं उचलून जोडते, पदर डोक्यावरून नीट करते. चेहरा सगळा मिळून 200 पिक्सेलचा असतो. तो फलकावर 20 इंचांचा केला तर इंचाला 10 ठिपके पडतात, आणि जवळून माणूसच दिसत नाही, नुसते चौकोन दिसतात. फोटोचं गोल मोठं ठेवलेला साचा अशा बाईला बसतच नाही. तिच्यासाठी मी वेगळा साचा केला आहे. फोटो 8 इंचांचा, बाजूला मोकळी जागा, आणि नाव मोठं, रस्त्यापलीकडून वाचता येईल असं. पाटीच्या धंद्यात जुना हिशेब आहे, की 10 फुटांवरून वाचायला 1 इंचाचं अक्षर हवं. चौक 60 फुटांचा असेल तर 6 इंच. त्या बाईचा चेहरा नीट मोठा करता आला नाही, निदान तिचं नाव तरी लांबून वाचता यावं.

वाढदिवसाच्या फलकांबद्दल फार लिहीत नाही. तिथं साच्यातले गोल संपतात आणि माणसं उरतात, एवढंच. फक्त एक, की 6 बाय 4 चा साचा ओढून 10 बाय 3 चा करू नये. चेहरे फुगतात. प्रत्येक मापाचा साचा वेगळाच करावा लागतो. आणि चारी बाजूंनी 4 इंच कोरे सोडावेत, कारण तेवढं फ्लेक्स चौकटीवर मुडपलं जातं आणि खिळे त्यातच बसतात. ‘कै.’वर खिळा बसलेला मी पाहिला आहे.

आता मुद्द्यावर येते. मराठीला 3 ऑक्टोबर 2024 रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या आठवड्यात अभिनंदनाचे किती फलक मी केले ते सांगत नाही. मोबाइलवर आलेल्या मजकुरात त्यातल्या दोनांवर ‘अभीजात’ होतं, ते मी दुरुस्त केलं. शासनानं 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयात देवनागरीची अक्षरं कशी लिहायची ते ठरवून दिलं, मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ सांगितले. राज्य मराठी विकास संस्थेनं ‘यशोमुद्रा’सारखा युनिकोड फॉन्ट मोफत उपलब्ध करून दिला. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट कुणालाही फुकट वापरता येतात, म्हणजे डिझायनर आणि मशिनवाला दोघांकडे तोच फॉन्ट राहू शकतो आणि अक्षरांचे कर्व्ह करायची गरजच उरत नाही. ‘तिरो देवनागरी मराठी’ तर मुळातच मराठी वळणाचा आहे, फक्त त्यात ठळक अक्षर नाही, त्यामुळे फलकावर तो लांबून फिका पडतो. म्हणजे अक्षरं आहेत, नियम आहेत. आमच्या टेबलापर्यंत मात्र यातलं काही आलेलं नाही. आम्हाला शासन निर्णय वाचायला वेळ नाही आणि फॉन्ट एकटा आमच्या कामाचा नाही. आम्हाला उघडून पाच मिनिटांत भरता येईल असा साचा लागतो. रात्री दहाला आम्ही जे हाताशी असेल तेच उचलणार.

म्हणून माझी मागणी अशी आहे. राज्य मराठी विकास संस्थेनं किंवा मराठी भाषा विभागानं नेहमी लागणाऱ्या फलकांचे साचे करून मोफत द्यावेत. श्रद्धांजली, रक्षाविसर्जन, दशक्रिया, वाढदिवस, लग्न, यात्रा, सप्ताह, ग्रामसभा, दुकानाची पाटी. युनिकोडमध्ये, अक्षरं जिवंत ठेवून, न बदलणारा मजकूर तपासून आणि कुलूप लावून, भरायच्या जागा रिकाम्या ठेवून. 3 बाय 2 पासून 10 बाय 20 पर्यंतच्या मापांत. कोरल आणि फोटोशॉप दोन्हींसाठी. आणि सोबत एक पान माहितीचं, साध्या भाषेत, कारण जुन्या कोरलमध्ये युनिकोड टाकलं की पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर जाऊन पडते आणि पोरं म्हणतात, युनिकोड बेकार आहे. फोटोशॉपमध्येही टाइपचं एक सेटिंग बदलावं लागतं. ते बदललं की अक्षरं नीट जुळतात. मला हे कळायला चार वर्षं गेली.

दुकानाच्या पाटीचा साचा मी मुद्दाम म्हटलं. 2022 पासून पाटीवरचं मराठी देवनागरीत आणि इतर लिपीपेक्षा लहान नसावं असा कायदा आहे. दुकानदार इंग्रजी पाटी घेऊन येतो आणि म्हणतो, वर मराठी टाका. फॉन्टचा आकडा दोन्हीकडे सारखा ठेवला तरी पुष्कळ फॉन्टमध्ये देवनागरी अक्षर इंग्रजी कॅपिटलपेक्षा लहान उमटतं, कारण त्याच उंचीत मात्रा आणि उकारही बसवायचे असतात. मापायचं ते शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत. साच्यातच तसं बसवून दिलं तर दुकानदार, मी आणि तपासायला येणारा माणूस, तिघांचाही वाद मिटेल.

त्याच साच्यात तळाला एक पट्टी असावी, परवानगी क्रमांक, मुदत, माप आणि छापणाऱ्याचं नाव यांची. साताऱ्याच्याच सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर उच्च न्यायालयानं 31 जानेवारी 2017 रोजी बेकायदा फलकांविरुद्ध निकाल दिला. विद्रूपीकरणाचा कायदा तर 1995 चा आहे. तरी चौक भरलेलेच आहेत. 13 मे 2024 ला घाटकोपरला फलक कोसळून 17 माणसं गेली. तो 120 फुटी लोखंडी सांगाडा होता, आमच्या लाकडी चौकटीचा त्याच्याशी संबंध नाही हे खरं. पण फलकाची जबाबदारी कुणाची हे फलकावरच लिहिलेलं असावं, ही अपेक्षा दोन्हीकडे सारखीच आहे. ती पट्टी मी माझ्या साच्यात घातली तेव्हा दोन गिऱ्हाइकं दुसऱ्या दुकानात गेली. सगळ्यांच्याच साच्यात असती तर कुठं गेली असती?

माझ्याकडे असे 23 साचे तयार आहेत. ते मी फुकट द्यायला तयार आहे, कुठल्याही संस्थेला, कुठल्याही दुकानाला, माझं नाव न लावता. त्यातला न बदलणारा मजकूर आमच्या शाळेतल्या निवृत्त मराठीच्या बाईंनी तपासून दिला आहे, पण ‘यात्रा’ आणि ‘ग्रामसभा’ या दोन साच्यांतल्या काही शब्दांवर त्यांची आणि माझी अजून चर्चा चालू आहे. आपल्या वाचकांत कुणी व्याकरणाचे जाणकार असतील आणि त्यांनी तास-दोन तास दिले तर तेवढं काम पुरं होईल. पुढच्या वेळी चुकीच्या फलकाचा फोटो छापताना त्याशेजारी दुरुस्त साचा कुठं मिळेल तेही छापावं, ही विनंती. त्यासाठी लागणारी फाइल मी आपल्या कार्यालयात पेनड्राइव्हवर आणून देईन. दुपारी तीन ते पाच मला दुकानातून निघता येतं.

कृपया माझं आणि दुकानाचं नाव छापू नये. ते सोबतच्या वेगळ्या चिठ्ठीत दिलं आहे.

आपली नम्र,
एक फ्लेक्स डिझायनर, कराड (जि. सातारा)